न झालेल्या ऑपरेशनचा समाधानी लाभार्थी

बसलाच आहात तर ऐका, पण आधी तो कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हे सांगत होतो तेव्हा आमच्या शेजारच्या कुलकर्ण्यांचा चहा नाकातून बाहेर आला होता.

मूर्खपणा कोण करत नाही हो? पण लोक तो घरात करतात, दार लावून करतात. मी केला तो सरकारी मंचावर, माइकसमोर, कॅमेऱ्यासमोर. आणि वर मलाच वाटत होतं, वा रे पठ्ठ्या, काय झोडपलंस!

तर मी मेस्त्री. मुलुंड पूर्वेला राहतो. सगळी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये गेली. दुसऱ्याच्या कागदात चूक शोधायची आणि तिच्याकडे प्रेमाने बघत बसायचं, हे माझं काम. निवृत्त झालो तरी खोड जाते का? सोसायटीत जिन्यातला बल्ब बदलला तरी मी विचारतो, जुना कुठाय? सेक्रेटरी मला लांबून बघितलं की लिफ्ट सोडून जिन्याने पळायचा. कारण त्याला पक्कं ठाऊक होतं, मेस्त्रींना हर्निया आहे, ते जिना चढणार नाहीत.

हां, हर्निया! सगळं रामायण त्याचंच.

उजव्या बाजूला. आधी लिंबाएवढा होता, मग चांगला कांद्याएवढा झाला. खोकलो की बाहेर, आडवा झालो की आत. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात सरकारी योजनेतून ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टर भला माणूस, तारीखही दिली. मी डबा, टॉवेल, पायजमा भरून बायकोला घेऊन काउंटरवर हजर.

काउंटरवर मानसी नावाची मुलगी बसते. तिने माझं आरोग्य कार्ड मशीनला दाखवलं, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे बघितलं.

"काका, तुमचं झालंय."

"काय झालंय?"

"ऑपरेशन. उजव्या बाजूचा हर्निया. डिस्चार्जसुद्धा झालाय. तब्येत समाधानकारक दाखवतंय."

"अगं, मग हे काय आहे?" म्हणून मी शर्ट वर करायला लागलो, तशी ती खुर्चीसकट भिंतीपर्यंत गेली. "काका, इथे नको ना!"

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आडवा केला, खोकायला लावलं. म्हणाले, "मेस्त्री, तुमचा हर्निया माझ्या हाताला लागतोय. पण सिस्टीमला लागत नाही."

"तुम्ही डॉक्टर आहात ना?"

"आहे हो. पण मला दिसून काय उपयोग? नोंदीत एकदा झालं म्हणजे झालं. मंजुरी येणार नाही. ती नोंद काढून आणा, मी लगेच करतो. आणि जरा लवकर आणा. आतडं अडकलं तर पळापळ होईल."

बाहेर आल्यावर आमची सुलभा, म्हणजे बायको, म्हणाली, "जाऊ दे ना. दुसरीकडे पैसे भरून करून घेऊ."

मी छाती पुढे काढली. "प्रश्न पैशाचा नाही सुलभा, तत्त्वाचा आहे."

"आतडं तत्त्वाचं आहे की तुमचं?"

बायकोचं ऐकणाऱ्यातला मी असतो तर हा किस्सा इथेच संपला असता.

तर ही नोंदी ठेवणारी मंडळी कोण? एक सरकारी महामंडळ आहे. आरोग्य, माहिती, तंत्रज्ञान, नवोपक्रम असे सगळे भारी शब्द एका दोरीत ओवलेत. नाव घेता घेता दम लागतो, आपण नुसतं महामंडळच म्हणू. सगळ्या राज्याच्या आजारपणाच्या नोंदी यांच्या संगणकात. मी वेबसाइट उघडली. वर मोठ्या अक्षरात 'पारदर्शकता'. वा, म्हटलं, दाबून बघू. दाबलं तर पासवर्ड मागितला! पारदर्शकतेला पासवर्ड! शेजारी 'उत्तरदायित्व'. ते दाबलं तर 'हे पान लवकरच येत आहे'. 'आमचे अधिकारी' दाबलं तर एका हसऱ्या गोऱ्या कुटुंबाचा फोटो, बागेत कुत्र्यामागे पळतायत सगळे. यातला अधिकारी कोण? तो कुत्रा?

हेल्पलाइनला फोन लावला. 'तुमची तक्रार आमच्यासाठी अनमोल आहे,' असं म्हणून सनई सुरू. चांगली लग्नातली सनई. मी हर्निया हाताने दाबून सनई ऐकतोय. सगळं लग्न लागून पंगती उठायची वेळ आली तेव्हा एक गोड आवाज आला. तिने सगळं ऐकून घेतलं, 'अरेरे' म्हणाली, मग म्हणाली, "सर, मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगता का? तक्रार पुढे न्यायला लागतो."

सुलभा स्वयंपाकघरातून ओरडली, "ओटीपी कोणाला देऊ नका!"

"सरकारी आहे गं!" म्हटलं आणि दिला.

लगेच मेसेज आला. 'आपल्या संमतीने आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.'

बघितलंत? पुढे न्यायला लागतो म्हणजे कुठे, तर थेट स्मशानात! आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासणारा मी, आणि माझ्याच तक्रारीला मीच अग्नी दिला. आता मात्र डोकं फिरलं. हर्नियाचा पट्टा आवळला, फाइल बगलेत मारली आणि घाटकोपरहून मेट्रो पकडून अंधेरीला महामंडळाच्या कार्यालयात जायला निघालो.

इमारत काय सांगू! सगळी काचेची. दवाखान्यात कापूस नसतो हो, आणि यांची भिंत न् भिंत चकचकीत. दारात मोठा फलक, 'आम्ही नागरिकांना उत्तरदायी आहोत'. तो फलक वाचत, दात-ओठ खात मी तरातरा आत निघालो आणि…

धाडकन!

दार बंद होतं. इतकी स्वच्छ काच की दिसलीच नाही. नाकावर आपटलो, चष्मा खाली पडला, त्याच्यावर माझाच पाय पडला. दोन्ही भिंगांची वाट लागली. नाक पपईसारखं सुजलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

सिक्युरिटीवाला शांतपणे आला. "लागलं काय साहेब? रोज कोणतरी आपटतंच."

"अरे, मग काचेवर एक पट्टी चिकटवा ना!"

"टेंडर निघालंय."

नाकाला रुमाल लावून मी आत गेलो. चष्मा नसल्यामुळे सगळं जग ताकासारखं दिसत होतं. तिथे मला भेटले सोनटक्के. सहाय्यक व्यवस्थापक, नागरिक समाधान. हे पद आहे हं, विनोद नाही. तिशीचा पोरगा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, आणि मान अशी लवचीक की विचारू नका. मी जे बोलेन त्याला होय.

"माझं ऑपरेशन झालेलं नाही!"

"बरोबर आहे सर."

"ही नोंद खोटी आहे!"

"शंभर टक्के सर. बोरिवलीला तुमच्याच नावाचे एक गृहस्थ आहेत, त्यांचं झालंय. ते तुम्हाला चिकटलंय."

"कोणी चिकटवलं?"

"सिस्टीमने."

"सिस्टीम कोणाची?"

"आमची सर. पण माहिती हॉस्पिटल भरतं."

"मग हॉस्पिटलची चूक?"

"नाही सर, त्यांनी नीट भरलंय. जोडणी सॉफ्टवेअर करतं. सॉफ्टवेअर कंत्राटदाराचं."

"कंत्राटदार कोण?"

"ते बदललेत सर."

"त्यांना नेमलं कोणी?"

"समितीने."

"समितीत कोण आहे?"

सोनटक्क्यांनी पहिल्यांदाच मान आडवी हलवली. "ते गोपनीय आहे सर. ती पारदर्शकता समिती आहे."

मी खुर्चीत बसलो. ऑडिटमध्ये मी एकाहून एक गाळीव रत्नं बघितलीत. पण ते निदान लपवताना घाबरायचे! हे लपवतात आणि वर पाणी विचारतात. घोटाळा करणाऱ्याला पकडता येतं हो. हो हो म्हणणाऱ्याला कसं पकडणार? बाहुलीला पिन टोचायची आणि रक्ताची वाट बघायची, तसलं काम.

मी टेबलावर मूठ आपटली. "मला वरच्या माणसाशी बोलायचंय! सगळ्यांसमोर बोलायचंय!"

तर सोनटक्क्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी जावई म्हणून पसंत पडलो. "सर, काय योग आहे बघा! आजच वरच्या हॉलमध्ये 'नागरिक संवाद' आहे. साहेब लोक सगळे आहेत. तुम्ही बोलाच!"

मनात म्हटलं, घाबरले! ऑडिटवाल्याचा वास आला यांना. सोनटक्क्यांनी एक टॅब पुढे केला. "फक्त इथे अंगठा, सर. बोलायची संमती."

"काय लिहिलंय त्यात? चष्मा फुटलाय माझा."

"नेहमीचंच सर."

आता तुम्हीच सांगा, पस्तीस वर्षं मी लोकांना काय शिकवलं? न वाचता सही करू नका! ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना मी हे पाढ्यासारखं म्हणायला लावायचो. पण त्या वेळी डोक्यात भाषण उकळत होतं. साहेबांचे चेहरे कसे पडतील तेच दिसत होतं. टेकवला अंगठा.

हॉलमध्ये शंभरेक माणसं. मला वाटलं, सगळे माझ्यासारखे गांजलेले. नंतर लक्षात आलं, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे होते. म्हणजे नागरिक संवादात नागरिक मी एकटाच! पण चष्म्याशिवाय मला काय डोंबल दिसणार? माइक हातात आला आणि मी सुटलो.

साधं बोलायचं नाही, असं ठरवलंच होतं. साधी तक्रार कोणी ऐकत नाही. चाबूक मारायचा तर उपहासाचा!

"मित्रहो!" मी आवाज चढवला. "या महामंडळाने माझं हर्नियाचं ऑपरेशन केलं! एक टाका नाही! रक्ताचा थेंब नाही! अहो, मला दवाखान्यात जावंसुद्धा लागलं नाही! मी घरी बसून मटार सोलत होतो, आणि ऑपरेशन झालं! मला कळलंही नाही!"

टाळ्या! काय टाळ्या! मला आणखी चेव आला.

"मोठमोठ्या सर्जनना जमलं नाही ते यांच्या संगणकाने करून दाखवलं! धन्य ते अधिकारी! धन्य ती सिस्टीम! यांचं ऋण मी कुठल्या जन्मी फेडू?"

लोक उभे राहिले हो! मग मी श्वास घेतला, बोट रोखलं आणि खरा घाव घातला. "आणि आता मला सांगा, मग हा माझ्या पोटात आहे तो हर्निया कोणाचा? याला जबाबदार को…"

माइक बंद. "वेळ संपली," कोणीतरी म्हणालं. हातात फुलांचा गुच्छ आला, खांद्यावर शाल आली, फोटो निघाला. मी मनात म्हटलं, भेदरलेत, शाल घालून तोंड बंद करतायत. घरी येऊन सुलभाला सांगितलं, "एकेकाला सोलून काढलं!"

ती माझ्या नाकाकडे बघत होती. "मग तुम्हाला कोणी सोललं?"

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. टाकणारा कोण? आमचा सेक्रेटरी! 'आपल्या सोसायटीचा अभिमान', पुढे हात जोडलेले.

व्हिडिओत मी. मागे बासरी वाजतेय. मी म्हणतोय, "एक टाका नाही, रक्ताचा थेंब नाही, घरी बसून ऑपरेशन झालं." मग माझा चेहरा जवळून. नाक लाल, डोळ्यांतून पाणी वाहतंय. "यांचं ऋण मी कुठल्या जन्मी फेडू?" आणि तिथेच चित्र थांबतं. खाली अक्षरं येतात, 'भावनाविवश लाभार्थी, श्री. मेस्त्री, मुलुंड.'

पुढचं सगळं कापलेलं! बोट रोखलेलं नाही, घाव नाही, काही नाही. अंगठा टेकवला होता तो या व्हिडिओच्या परवानगीवर!

दोन दिवस फोन थांबेना. तळमजल्यावरच्या जोशीकाकू दारात उभ्या. "मेस्त्री, असं घरबसल्या गुडघ्याचं पण करतात का हो?" दूधवाल्याने विचारलं, बाजूच्या बिल्डिंगचा वॉचमन त्याच्या आईला घेऊन आला. नाही म्हणालो तर तो म्हणतो, "स्वतःचं करून घेतलं, आता दुसऱ्याला सांगत नाहीत. मोठ्या लोकांचं असंच."

मी सोनटक्क्यांना फोन केला. "माझी नोंद दुरुस्त झाली का?"

"सर, ती तक्रार तर बंद झाली ना. तुम्ही स्वतः व्हिडिओत सांगितलंत, ऑपरेशन झालं म्हणून. पुरावा म्हणून आम्ही तोच जोडलाय."

"अरे बाबा, ते मी उपहासाने बोललो!"

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाला, "बरोबर आहे सर. पण सिस्टीममध्ये उपहासाचा ऑप्शन नाहीये."

मी दातांनी रिसीव्हर चावला असता, पण मोबाइल होता.

आणि त्याच आठवड्यात हर्नियाने आपला इंगा दाखवला. सकाळी आंघोळीला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. गोळा बाहेर आला, आत जाईना. ओकारी, घाम, डोळ्यांपुढे अंधार. आता हसू नका, तेव्हा खरंच घाबरलो होतो. सुलभाने रिक्षात कोंबून घाटकोपरला नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ दाबून-दाबून तो आत बसवला. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "या वेळी गेला. पुढच्या वेळी नाही जाणार. आता थांबू नका."

मी पडल्या पडल्या म्हणालो, "महामंडळाविरुद्ध वर अपील…"

सुलभा रागावली की तिच्या तोंडी थेट मालवणी येते. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "तुमका कोणी सांगलेलां थंय जावन भाषण ठोकूक? आता गप ऱ्हवा! एक शब्द बोलशात तर मीच तो गोळो बाहेर काढतंय!"

मी चादर डोक्यावर ओढली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. खरंखुरं, टाके घालून, रक्त सांडून. झकास झालं, आता मी जिनेही चढतो. पण त्याला मंजुरी कशी मिळाली, ते ऐका.

वाट मानसीने काढली. ती आणि सुलभा काउंटरवर डोकं लावून बसल्या होत्या, मला व्हीलचेअरवर बाजूला लावलं होतं. मानसी म्हणाली, "काकी, उजवा हर्निया पुन्हा नाही घेत सिस्टीम. पण 'पुन्हा उद्भवलेला हर्निया' घेते. म्हणजे पहिलं ऑपरेशन झालं, पण ते टिकलं नाही, असं दाखवायचं."

मी व्हीलचेअरवरून उसळलो. "म्हणजे जे झालंच नाही ते झालं, असं मी लिहून द्यायचं? मी? खोटी नोंद?"

"जगासमोर बोलून झालंय ना?" सुलभा म्हणाली. "आता लिहायला काय लाज?"

मी मान हलवली. अगदी सोनटक्क्यांसारखी.

मानसी वाचायला लागली. "पहिलं ऑपरेशन टिकलं नाही, त्याला जबाबदार कोण, ते निवडायचंय."

माझे कान टवकारले! इतके दिवस ज्या प्रश्नासाठी नाक फोडून घेतलं, तो इथे होता! म्हटलं, "लाव! महामंडळ लाव!"

"काका, ते यादीत नाहीये. एकच आहे. रुग्ण."

"मी कसा जबाबदार? मी काय केलं?"

"त्यात पण एकच येतंय. 'रुग्णाने जड वजन उचलले.' टाकू?"

डॉक्टर दारात घड्याळ बघत उभे. पोटात कळ आली. म्हटलं, "टाक बाई."

"काय उचललंत ते लिहावं लागतंय. रिकामं सोडलं तर पुढे जात नाही. काय लिहू?"

मी विचार करायला लागलो. गॅसचा सिलिंडर लिहू? पाण्याची बादली? तत्त्वाचा माणूस, खोटं बोलायचं तरी पटेल असं हवं ना!

तेवढ्यात मागून सुलभा म्हणाली, "शहाणपण लिही गं."

मानसीने वर बघितलं, माझ्या अजून सुजलेल्या नाकाकडे बघितलं, आणि अहो, त्या पोरीने खरंच टाइप केलं.

महामंडळाच्या सिस्टीमने पहिल्या झटक्यात मंजूर केलं.